उपचार माझे, गुडघे आक्कांचे

चांदवडच्या स्टँडवर नाशिकची गाडी लागली तेव्हा कांद्याची लागवड नुकतीच उरकली होती आणि माझ्या नखांतली माती अजून निघाली नव्हती. ती माती घेऊनच मी मातीचे उपचार बघायला निघाले. उपचार अर्थातच माझे नव्हते. माझ्या नणंदेचे, आक्कांचे होते. मी नुसती सोबतीण.

आक्का पिंपळगावला दिलेल्या. त्यांच्या सोनलचे लग्न वैशाखात धरले होते आणि आक्कांचे गुडघे दोन वर्षांपासून नीट वाकत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, चालत राहा, उठबस चालू ठेवा, वजन उतरवा. आक्कांनी त्यातले काही केले नाही, डॉक्टर मात्र बदलला. दुसऱ्यानेही तेच सांगितले, तेव्हा त्यालाही बदलला.

आमच्याकडे लग्नात मुलीच्या आईबापाने पाटावर बसून जावयाचे पाय धुवायचे असतात. सुपारी फुटली त्या दिवशी आक्कांच्या मोठ्या जाऊबाई, त्यांना सगळे माई म्हणतात, भरल्या घरात म्हणाल्या, "मंडपवाल्याला आत्ताच सांगून ठेवा. वत्सलासाठी एक खुर्ची लागंल. हातांची बघा, मोडायला नको." बायका हसल्या. आक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. आक्का न जेवणे ही आमच्या घराण्यात वर्षानुवर्षे सांगण्यासारखी गोष्ट आहे.

"मंदे, मेले तरी खुर्चीत बसून पाय धुणार नाही," त्या मला म्हणाल्या.

मग कुणीतरी त्यांना हरसूलच्या वाटेवर डोंगरात असलेले निसर्गोपचाराचे ठिकाण सांगितले. हे माईंना कळायला नको, म्हणून पिंपळगावात त्यांनी त्र्यंबकचा नवस आहे असे सांगितले. आणि सोबतीला मी का, याचे कारण माझ्या नवऱ्याला माझ्यासमोरच दिले: "मंदाच बरी. ती कुणाशी बोलतच नाही, तर सांगणार कुणाला?"

माणसाचा कुठला गुण कधी उपयोगी पडेल, सांगता येत नाही.

पिंपळगावला आक्का गाडीत चढल्या. म्हणजे आधी त्यांची पिशवी चढली, मग दुसरी पिशवी, मग दांड्याला धरून त्या. कंडक्टर म्हणाला, "चला आजी, लवकर."

"आजी कुणाला म्हणतो रे? तुझ्या आईपेक्षा लहान असंल मी."

"बरं मावशी, चढा."

"चढते ना. गाडी काय तुझ्या लग्नाला चाललीय का?"

सगळी गाडी हसली. मी खिडकीतून द्राक्षाच्या बागा बघत राहिले. आक्कांसोबत प्रवास करायचा तर बाहेर बघण्यासारखे काहीतरी असलेले बरे.

नाशिकला उतरून हरसूलची गाडी धरली. गिरणाऱ्याला टोमॅटोच्या कॅरेटांनी रस्ता अडला होता. तिथून पुढे रान बदलले. आमच्याकडे सपाट काळी वावरे आणि एकटे-दुकटे डोंगर. इथे वाघेरा घाट लागला आणि डोंगरांनी रस्त्यालाच मध्ये घेतले. उतारावर कापलेल्या नागलीची (नाचणीची) खुंटे, सावलीला बांधलेल्या शेळ्या, डोक्यावर सरपणाचे भारे घेऊन ताठ चालणाऱ्या बायका. आक्का त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, "यांचे गुडघे कसे दुखत नाहीत गं?" मग पिशवीतली शेव काढली.

फाट्यावर उतरल्यावर चढाची पायवाट होती. आक्का दर दहा पावलांवर थांबत होत्या आणि दोन्ही पिशव्या माझ्याकडे होत्या. वर पोचलो तेव्हा आक्कांच्या अंगावर नवी साडी, हातात पाटल्या आणि चेहऱ्यावर तेज होते. मी घामाने भिजलेली, वाळलेली, खांदे पडलेली. दारात पांढऱ्या कुडत्यातली एक तरुण बाई उभी होती. तिला सगळे गौरी मॅडम म्हणत. तिने आम्हा दोघींकडे एकदा पाहिले आणि हिरवे उपरणे माझ्या गळ्यात घातले. आक्कांच्या गळ्यात पांढरे.

"हिरवं पेशंटचं, पांढरं सोबतीचं," ती म्हणाली. "काळजी करू नका मावशी, निसर्ग सगळं बरं करतो."

मी तोंड उघडले. पण माझ्या तोंडातून शब्द निघायला वेळ लागतो. माझ्याआधी आक्काच ओरडणार होत्या, इतक्यात मागच्या बाजूने भाकरी भाजल्याचा वास आला. आक्कांनी विचारले, "जेवणाचं कसं असतं इथं?"

"पेशंटला सकाळी दुधीचा रस, दुपारी आंबील, संध्याकाळी थोडं फळ. सोबतीणींना मागं जनाबाईकडं साधं जेवण. भाकरी, कोरड्यास, चटणी."

आक्कांनी माझ्या उपरण्याकडे पाहिले. मग स्वतःच्या. मग पुन्हा माझ्या.

"हिला फार अशक्तपणा आहे हो मॅडम," त्या म्हणाल्या. "गुडघेही दुखतात."

खोलीत गेल्यावर मी हळूच म्हणाले, "आक्का, अहो, गुडघे तुमचे..."

"कळतंय मला. तू सगळे उपचार अंगावर घे, नीट ध्यानात ठेव आणि घरी गेल्यावर मला दे. म्हणजे झालं ना?"

विचार करता ते खरेच होते. लग्नातली पैठणीसुद्धा आधी दुकानातल्या बाईच्या अंगावर बघूनच घेतात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्हा हिरव्यांना दव पडलेल्या गवतावर अनवाणी चालवले. गौरी मॅडम म्हणाल्या, "मावशी, जमिनीचा स्पर्श जाणवतोय?" मी मान हलवली. आदल्या आठवड्यात मला जमिनीशिवाय दुसऱ्या कशाचाच स्पर्श झाला नव्हता, पण बाईंचा उत्साह मोडवेना. नंतर हसण्याचा वर्ग झाला. हात वर करून मोठ्याने हसायचे. नाशिकरोडचे एक निवृत्त साहेब होते, चहा सुटल्यामुळे त्यांचा चेहरा सुतक पडल्यासारखा झाला होता, पण हसण्यात तेच पहिले. माझा आवाज काही निघाला नाही. मॅडमनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितले, "येईल, आतून येईल."

आतून भूक येत होती.

पण दुपारी जे झाले ते मला कुणी आधी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. एका स्वच्छ खोलीत मला आडवे केले. पोटावर आणि डोळ्यांवर गार मातीची फडकी ठेवली. पडदा ओढला. आणि मॅडम म्हणाल्या, "आता हलायचं नाही."

लग्न होऊन इतकी वर्षे झाली. ऊठ, बस, वाढ, आण, धर, सोड, सगळे ऐकले. हलायचे नाही हे मला पहिल्यांदाच कुणीतरी सांगितले. मी इतक्या मनापासून आज्ञा पाळली की जाग आली तेव्हा माती वाळून तडकली होती आणि मॅडम दुसऱ्या पेशंटना मला दाखवून सांगत होत्या, "बघा, या किती लवकर निसर्गाशी एकरूप झाल्या."

संध्याकाळी आक्का तणतणत आल्या.

"उभ्याला वाढत नाही म्हणे! खुर्ची दे म्हटलं, तर म्हणते खुर्च्या पेशंटच्या. इथली रीतच नाही म्हणे. मी काय म्हैस आहे का भुईला बसकण मारायला?"

"मग जेवलात का?"

"जेवले. पिंपावर बसून. भाकरी गार."

जनाबाई त्या बाजूच्याच पाड्यावरची. मागच्या सारवलेल्या पडवीत चुलीजवळ बसून ती भाकरी थापायची आणि बसल्या जागेवरूनच पंगतीला वाढायची. तव्यावरची भाकरी फुगली की हात लांब करून सरळ ताटात. तिच्या हाताच्या टप्प्यात जे बसेल त्याला गरम. आक्का पालथ्या पिंपावर, भिंतीला टेकून, सगळ्यांत मागे. मी पाणी प्यायला म्हणून तिकडे गेले तेव्हा ऐकले.

"बाय, तुझं ताट लय वर हाय. माझा हात नाय पोचत."

"मग उठून दे ना."

"उठले तर तवा करपंल. तूच ये ना खाली."

"गुडघे वाकत नाहीत माझे."

"मग गार खा." आणि जनाबाईने पुढची फुगलेली भाकरी दुसऱ्या बाईच्या ताटात टाकली. वर खुरसणीची (कारळ्याची) चटणी आणि तेल.

आक्कांनी ती भाकरी ज्या नजरेने पाहिली, त्या नजरेने बघताना मी त्यांना फक्त एकदाच पाहिले होते, माईंच्या सुनेच्या चपलाहाराकडे.

दुसऱ्या दिवशी आक्का पिंप सोडून लाकडाच्या ओंडक्यावर आल्या. तो चुलीला जरा जवळ होता. भाकरी कोमट मिळाली. मग ओंडक्यावरून पालथ्या घमेल्यावर. मग एकावर एक ठेवलेल्या विटांवर. मग एकेक वीट कमी होत गेली. रात्री त्या माझ्या खाटेवर बसून गुडघ्याला तेल चोळत आणि जनाबाईला शिव्या देत. "माझे गुडघे मोडून ठेवणार ही बया." सकाळी पुन्हा पंगतीत पहिल्या.

पांढऱ्या उपरण्याला कामेही होती. ओढ्यावर पेशंटची फडकी धुवायची, माती चाळायची, पाणी आणायचे. "मंदे, घरी मी दोन गडी लावते कामाला," आक्का म्हणायच्या, "आणि इथं चिखलाची फडकी धुतेय. तीही भावजयीच्या पोटाची!" मला फार वाईट वाटायचे. पण मला हलायची परवानगी नव्हती.

घरून फोन आला. नवऱ्याने विचारले, "आक्काचे गुडघे कसे आहेत?"

"उपचार चालू आहेत," मी म्हणाले. यात खोटे काही नव्हते.

एक दिवस पूर्ण उपवासाचा होता. संध्याकाळ होता होता माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. आक्का खोलीत आल्या, दार लावले आणि उपरण्याखालून अर्धी भाकरी काढली. गरम होती.

"खा. आणि बोलायचं नाही."

"पण निसर्गोपचार..."

"नागली काय कारखान्यात पिकते का?"

मी खाल्ली. खाता खाता त्यांनी विचारले, "आज काय काय केलं तुला? नीट सांग, मला ध्यानात ठेवायचंय." मी वाफेच्या पेटीचे सांगितले, कमरेपर्यंत गार पाण्यात बसण्याचे सांगितले. आक्का लक्ष देऊन ऐकत होत्या, जसे दुसऱ्याच्या घरच्या लग्नातले मानपान ऐकतात तसे. मग म्हणाल्या, "खरंच वाकतील का गं? सोनलच्या लग्नात माईनं खुर्ची आणून ठेवली ना, तर मी मंडपातून उठून जाईन. पण उठता तरी यायला पाहिजे."

आक्कांच्या आवाजात मी असे कधी ऐकले नव्हते. मी उरलेला भाकरीचा तुकडा त्यांना दिला. त्यांनीही तो नाकारला नाही.

केळीच्या पानांचा उपचार शेवटी शेवटी असतो. अंगाभोवती मोठी पाने गुंडाळून सुतळीने बांधतात आणि उन्हात निजवतात. घाम निघतो आणि म्हणे अंगातले नको ते सगळे जाते. मला अळूच्या वडीसारखे वळून अंगणात ठेवले आणि मॅडम साहेबांना गुंडाळायला आत गेल्या. त्या दिवशी मौनही होते.

थोड्या वेळाने माझ्या पायाशी कुणीतरी पान ओढायला लागले. मला वाटले, मॅडम. मग ओढणारे दाढी हलवताना दिसले. जनाबाईची शेळी होती. तिने तळपायापासून सुरुवात केली आणि सावकाश वर यायला लागली. माझे हात आत बांधलेले. ओरडावे तर मौन. आणि मौन नसते तरी शेळीला काय म्हणून हाक मारायची, अनोळखी होती. आत परकरच होता. साहेब केव्हाही बाहेर येतील या भीतीने मला उपचारात सांगितलेल्याच्या दुप्पट घाम फुटला.

ओढ्याकडून आक्कांनी पाहिले. "हाड! हाड मेले! खाल्ली की माझी भावजय!"

आक्का पळत आल्या असे मी लिहिणार नाही. पण हातातले ओले फडके फिरवत तो चढ चढून त्या आल्या, आणि शेळी माझ्या गुडघ्यांपर्यंत पोचायच्या आत पोचल्या, एवढे मी पाहिले. मग मला झाकायला त्या खाली वाकल्या आणि वाकूनच राहिल्या, कारण एका हाताने शेळी धरलेली होती.

"हसतेस काय?" त्या म्हणाल्या.

मला कळलेच नव्हते. मी मोठ्याने हसत होते. मॅडम धावत बाहेर आल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. "म्हटलं होतं ना मावशी, आतून येईल!"

निघायच्या दिवशी सभा होती. प्रत्येक हिरव्याने उभे राहून आपला अनुभव सांगायचा. साहेब बराच वेळ बोलले. माझी पाळी आली तेव्हा मी उपरण्याचे टोक पिळत उभी राहिले. मॅडमनी सांभाळून घेतले. "मावशी कमी बोलतात. त्या नुसतं दाखवतील. मावशी, मांडी घालून बसा बरं."

मी बसले. मी जन्मभर अशीच बसत आले आहे. टाळ्यांचा कडकडाट झाला. "आल्या तेव्हा यांना चालवत नव्हतं," मॅडम म्हणाल्या. खरे म्हणजे दोन पिशव्या घेऊन चालवत नव्हते.

मागे पांढऱ्यांच्या रांगेत आक्का उभ्या होत्या. टाळ्या ऐकून त्यांचा चेहरा लाल झाला. आठवडाभर चिखल धुतला त्यांनी, आणि कौतुक माझ्या गुडघ्यांचे. त्या पुढे आल्या, पदर खोचला, एक हात जमिनीला लावला आणि "आई गं" म्हणत खाली बसल्या. विटेवर नाही, पाटावर नाही. सरळ जमिनीवर. मांडी पुरती बसली नव्हती, एक गुडघा वरच होता, पण बसल्या.

मी बघतच राहिले. माझे हात कधी जोडले गेले ते मला कळले नाही.

आक्का सगळ्यांकडे बघत होत्या. कुणीच टाळ्या वाजवल्या नाहीत.

"अहो, तुमचं काय नवल," गौरी मॅडम प्रेमाने म्हणाल्या. "सोबतीणी तर निरोगीच असतात."

आक्कांना खरे सांगता येईना आणि गप्प बसवेना. मग त्या सभेत, इतक्या लोकांसमोर, मी एकटीने टाळ्या वाजवल्या. साहेबांना वाटले उपचाराचा भाग आहे, तेही वाजवायला लागले. दारातून जनाबाई ओरडली, "आता उठून दाखव!" त्यासाठी मात्र मला आणि जनाबाईला हात द्यावा लागला.

उतरताना पिशव्या आक्कांनी घेतल्या, एक तरी. नाशिकच्या स्टँडवर दोघींनी चहा प्यायला, आणि सगळा निसर्ग एका घोटात मागे पडला. पिंपळगाव जवळ आले तशा आक्का माझ्या कानाशी आल्या.

"लवकर सांग. पानात गुंडाळल्यावर आधी काय वाटतं?"

"आधी गार वाटतं. मग गरम. मग शेळी येते."

"शेळीचं नाही सांगायचं कुणाला," आक्का म्हणाल्या आणि उतरल्या.

घरी गेल्यावर आक्कांनी रोज खाली बसून जेवायला सुरुवात केली. सुनेला चूल पेटवायला लावली आणि आपण तिच्या हाताच्या टप्प्यात पाट मांडला. गुडघे वाकायला लागले तसा त्र्यंबकचा नवस मागे पडला; कुणी विचारले तर म्हणायच्या, उपचाराचा भाग आहे.

वैशाखात लग्न लागले. माईंनी खरेच हातांची खुर्ची आणून पाटाशेजारी ठेवली होती. भटजीही म्हणाले, "घ्या हो, आजकाल सगळेच घेतात." आक्कांनी खुर्चीकडे पाहिलेसुद्धा नाही. पदर सावरला, हात टेकला, बसल्या. जावयाच्या पायावर पाणी सोडले. खुर्ची रिकामीच होती. सकाळपासून उभ्या असलेल्या माईंनी थोड्या वेळाने इकडे तिकडे पाहिले आणि त्याच खुर्चीत बसल्या.

जेवणावळीत आक्का बायकांना सांगत होत्या, "अगं, केळीच्या पानात गुंडाळलं की आधी गार वाटतं..." मी पाण्याचा जग घेऊन फिरत ऐकत होते. एक गोष्ट मला प्रवासात पटली. निसर्ग बरे करतो हे खरे आहे. पेशंट कोण, एवढे मात्र तो दारात विचारत नाही.

हात धुवायच्या जागी माईंनी मला गाठले. आवाज उतरवून म्हणाल्या, "मंदा, माझेही गुडघे आता धरतात गं. मलाही जायचंय तिकडं. पण वत्सलाला कळायला नको. तू चल सोबतीला. तू काही बोलत नाहीस."

कांदा अजून साठवणीच्या चाळीत भरायचा होता. मी जग खाली ठेवला.

"येते," मी म्हणाले. "पण माई, दारात दोन उपरणी देतात. तुम्ही पांढरं घ्या. हिरवं माझ्या गळ्यात पडू द्या."

"असं का?"

"पांढऱ्यांना भाकरी गरम मिळते. खाली बसलं की."

माई विचारात पडल्या. "आणि तू काय करशील तिथं?"

"मी हलणार नाही," मी म्हणाले.